थांबण्याची जनुकं

भरपूर साखर आणि ३० अंश सेल्सिअस तापमान मिळालं की यीस्टची एक पेशी साधारण दीड तासात दोन होते. या वेगाने हिशोब मांडला तर २४ तासांत १६ दुपटी होतात, म्हणजे एका पेशीच्या ६५ हजारांवर पेशी. दुसरा दिवस संपेपर्यंत आकडा ४०० कोटींच्या पुढे जातो. कागदावर हिशोब चोख आहे, पण निसर्गात तो इतका लांब कधी चालत नाही. साखर संपते, पिकलेलं फळ सुकतं, उन्हाने तापतं, पावसाने धुऊन निघतं. यीस्टच्या आयुष्यातला बराच मोठा काळ विभाजनाविनाच जातो.

तरी आपण यीस्ट शिकतो ते विभाजनातून. शाळेच्या वहीत मुकुलायनाची आकृती असते: एक लांबट गोल पेशी, तिच्या अंगावर उगवलेली छोटी कळी, पुढच्या आकृतीत थोडी मोठी कळी, मग सुटी झालेली नवी पेशी. मीही ती काढली आहे, नावंही दिली आहेत. विभाजन न करणाऱ्या पेशीची आकृती काढायला कुणी सांगत नाही. ती नुसती एक गोल रेघ असेल. बाण काढून नाव द्यावं असं तिच्यात काही दिसणार नाही. मला मात्र आता त्या नुसत्या गोलाचंच वेड लागलं आहे. त्याच्या आत जे चाललेलं असतं ते कळी उगवण्याइतकंच गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते त्याहून जास्त विचार करायला लावणारं.

पेशी थांबते ती इंधन संपून बंद पडते, असं आपण सहज धरून चालतो. यीस्टने हे गृहीतक पार मोडून काढलं. थांबण्यासाठी जनुकं लागतात. ती जनुकं नसतील तर साखर संपली, डीएनए तुटला, बाहेर मीठ वाढलं, तरी पेशी पुढे जात राहते आणि पुढे गेल्यामुळेच मरते. हे मला पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी वाचत असलेलं पान बराच वेळ तसंच उघडं ठेवून बसले होते.

आधी या जिवाची थोडी ओळख. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए हे बेकरीतल्या आणि मद्यातल्या यीस्टचं शास्त्रीय नाव. पेशीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर. आपल्या पेशीत असतं तसंच केंद्रक, १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा जनुकसंच आणि त्यात साधारण ६ हजार जनुकं. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला तो हाच, १९९६ साली. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून एकेक जनुक काढून टाकलेल्या यीस्टचा संग्रह तयार केला. साध्या, सुखाच्या परिस्थितीत त्यातली हजाराच्या आसपास जनुकं अत्यावश्यक निघाली. बाकीच्यांपैकी कुठलंही एक काढलं तरी पेशी जगते. तेव्हा असा प्रश्न पडला की मग ही एवढी जनुकं आहेत तरी कशाला? २००८ साली शेकडो वेगवेगळ्या रसायनांत आणि परिस्थितींत हा संग्रह वाढवून पाहिला, तेव्हा ९७ टक्के जनुकांच्या अभावाचा परिणाम कुठे ना कुठे दिसलाच. सुखाच्या दिवसांत ज्याचं नसणं कळतही नाही, ते अडचणीच्या दिवसांत कळतं. जनुकसंचाचा केवढा मोठा भाग वाईट दिवसांसाठी लिहिलेला आहे, हे त्या एका आकड्यात दिसतं.

विभाजनाच्या जनुकांची गोष्ट सिएटलमध्ये सुरू होते. १९७० च्या सुमाराला वॉशिंग्टन विद्यापीठात लेलँड हार्टवेल यीस्टचे असे म्युटंट, म्हणजे एखाद्या जनुकात बदल झालेल्या पेशी, शोधत होते जे २३ अंशांवर व्यवस्थित वाढतात, पण ३६ अंशांवर नेले की अडतात. अडणारे म्युटंट पुष्कळ मिळतात. पेशीतलं कुठलंही महत्त्वाचं काम बिघडलं तरी ती अडतेच. त्यातून नेमके विभाजनाचे म्युटंट वेगळे कसे काढायचे? इथे यीस्टची कळी कामाला आली. कळी विभाजनाच्या सुरुवातीला उगवते आणि शेवटपर्यंत वाढत जाते, म्हणून तिच्या आकारावरून पेशी विभाजनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते नुसतं बघून सांगता येतं. सर्वसाधारण बिघाडात पेशी जिथे असतील तिथे अडतात, कुणाला कळी नाही, कुणाला छोटी, कुणाला मोठी. विभाजनाचंच एखादं जनुक बिघडलं असेल तर सगळ्या पेशी एकाच टप्प्यापर्यंत पोचून एकसारख्या दिसू लागतात. ब्रायन रीड नावाचा पदवीपूर्व विद्यार्थी या प्रयोगशाळेत होता. तो आणि हार्टवेल सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं घेऊन याच एकसारखेपणाचा माग काढत होते. महागडं काही नाही, फक्त काय बघायचं ते नेमकं ठरलेलं. विज्ञानातल्या ज्या थोड्या गोष्टींचा मला मनापासून हेवा वाटतो त्यातली ही एक.

त्या म्युटंटांमधून सीडीसी नावाची जनुकं एकामागून एक हाती आली, पुढे शंभरावर. सीडीसी२८ हे त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं. विभाजनाच्या आधी एक टप्पा असतो जिथे पेशी अजून मोकळी असते: वाढावं, जोडीदाराशी मीलन करावं, की स्वस्थ बसावं, हे सगळं तिच्यापुढे खुलं असतं. तो टप्पा ओलांडला की मग परत फिरणं नाही. त्यानंतर साखर संपली तरी पेशी हातातलं विभाजन पूर्ण करते आणि पुढच्या फेरीत त्याच जागी येऊन थांबते. सीडीसी२८ या उंबरठ्यावर काम करतं. हार्टवेल यांनी या टप्प्याला ‘स्टार्ट’ म्हटलं.

त्याच दशकात एडिनबरामध्ये पॉल नर्स दुसऱ्या जातीच्या यीस्टवर, मधोमध दुभंगणाऱ्या शिझोसॅकरोमायसिस पॉम्बेवर, काम करत होते. त्यांना वेळेआधीच विभागणाऱ्या, म्हणून आकाराने लहान राहिलेल्या पेशी मिळाल्या. त्यात वी१ हे जनुक बिघडलेलं होतं. या जनुकाचं काम पेशीला पुरेशी वाढ होईपर्यंत धरून ठेवण्याचं. १९८७ मध्ये नर्स आणि मेलनी ली यांनी दाखवलं की पॉम्बे यीस्टमधलं विभाजनाचं मुख्य जनुक सीडीसी२ बिघडलं असेल तर माणसाचं तेच जनुक त्याची जागा घेऊ शकतं. आपले आणि यीस्टचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षं तरी झाली असावीत, आणि तरी माणसाचं जनुक यीस्टमध्ये जाऊन ते काम करतं. २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि विभाजन पुढे नेणारी सायक्लिन प्रथिनं शोधणारे टिम हंट या तिघांना मिळालं. हे सगळं पुष्कळ ठिकाणी लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे रेंगाळत नाही.

रेंगाळायचं ते १९८८ च्या एका प्रयोगापाशी. टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी यीस्टवर क्ष-किरण सोडले. क्ष-किरणांनी डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी अशा वेळी मोठ्या कळीसह थांबतात, तुटलेलं सांधून घेतात, मगच दोन होतात. रॅड९ हे जनुक नसलेल्या पेशी थांबत नाहीत. तुटक्या गुणसूत्रांसह त्या तशाच विभागतात आणि मरतात. इथवर वाचलं तर वाटेल की रॅड९ हे दुरुस्तीचं जनुक असावं, ते नाही म्हणून दुरुस्ती नाही. पण त्या दोघांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. रॅड९ नसलेल्या पेशींना क्ष-किरण दिल्यावर त्यांनी एका रसायनाने त्यांचं विभाजन बाहेरून काही तास रोखून धरलं आणि मग सोडून दिलं. या वेळी पुष्कळ जास्त पेशी जगल्या.

दुरुस्तीची सगळी सामग्री त्या पेशींत आधीपासून होती. सांधणारी प्रथिनं होती, ती चालतही होती. त्यांच्याकडे नव्हती ती फक्त थांबण्याची क्षमता. ती बाहेरून उसनी मिळाल्याबरोबर त्यांनी स्वतःची दुरुस्ती स्वतः केली. मी हा प्रयोग कितीतरी जणांना सांगितला आहे, जीवशास्त्राशी काही संबंध नसलेल्यांनाही, आणि दर वेळी सांगताना माझा आवाज थोडा बदलतो हे मला जाणवतं. चेकपॉइंट, म्हणजे सगळं ठीक असल्याशिवाय पेशीला पुढच्या टप्प्यात जाऊ न देणारी तपासणी, ही कल्पना या कामातून ठाशीवपणे पुढे आली. आज कर्करोगावरच्या कुठल्याही पुस्तकात ती पहिल्या काही पानांतच भेटते, कारण कर्कपेशींत पुष्कळदा हीच व्यवस्था ढासळलेली असते.

पण डीएनए तुटणं हा रोजचा प्रसंग नव्हे. यीस्टला रोज भेटतात ते साधे ताण: उष्णता, खारटपणा, पाण्याची ओढ, ऑक्सिजनपासून तयार होणारी घातक संयुगं, उपासमार. २००० साली स्टॅनफर्डमध्ये ऑड्री गॅश आणि सहकाऱ्यांनी यीस्टला अशा नाना तऱ्हेच्या ताणांत घालून सगळ्या जनुकांची हालचाल एकदम मोजली. ताण वेगवेगळे, पण सुमारे ९०० जनुकांचा प्रतिसाद जवळपास सारखाच निघाला. साधारण ३०० जनुकं वर चढली, ६०० खाली गेली.

या ६०० कडे लोकांचं लक्ष कमी जातं. वर चढणारी जनुकं नावाजलेली आहेत. त्यांत विस्कटलेली प्रथिनं सोडवणारी, ट्रेहॅलोज नावाची संरक्षक शर्करा तयार करणारी, हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून टाकणारी अशी जनुकं आहेत. खाली जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम रायबोसोम उभारण्याचं किंवा त्या कामाला हातभार लावण्याचं असतं. रायबोसोम म्हणजे प्रथिनं घडवणारी यंत्रणा. भरभर वाढणाऱ्या पेशीची प्रचंड ताकद ती उभारण्यात जाते. ताण आला की पेशी आधी हा खर्च कापते. म्हणजे ताणाला दिलेल्या उत्तराचा दोन तृतीयांश भाग वाढीची तयारी आवरती घेण्याचा आहे.

वर चढणाऱ्या जनुकांपैकी बऱ्याच जणांना हाक देणारी दोन प्रथिनं आहेत, एमएसएन२ आणि एमएसएन४. एरवी ती केंद्रकाबाहेर असतात. ताण आला की काही मिनिटांत आत शिरतात आणि डीएनएवरच्या एका छोट्या, ठरावीक अक्षरक्रमावर जाऊन बसतात. त्यांना बाहेर कोण ठेवतं? पीकेए नावाचं एन्झाइम. आणि पीकेए जागं केव्हा असतं? ग्लुकोज मुबलक असतं तेव्हा, रास या प्रथिनाच्या मार्फत. वाढीचा निरोप पोचवणारी जी साखळी आहे, तीच संरक्षणाला दाराबाहेर उभी ठेवते. याची दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. रास कायमचं चालू राहील असा बिघाड केलेलं यीस्ट उपासमारीत थांबत नाही आणि उष्णतेत पटकन मरतं. माणसाच्या अनेक कर्करोगांत रास जनुक नेमकं याच अर्थाने बिघडलेलं, कायमचं चालू राहिलेलं सापडतं.

प्रयोगशाळेत हे रोज डोळ्यांनी दिसतं. उष्णतेची चाचणी करायची तर यीस्टचे थेंब दर वेळी दहापट पातळ करत अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट खाद्याच्या, प्लेटवर एका ओळीत ठेवतात. एक प्लेट तशीच, दुसरीवर आधी गरम पाण्यात धरलेल्या पेशींचे थेंब. दोन दिवसांनी प्लेट बाहेर काढली की निरोगी यीस्टची ओळ शेवटच्या थेंबापर्यंत पांढरी उमटलेली असते; नाजूक म्युटंटची ओळ मध्येच विरते. असला निकाल घेऊन कुणी आलं की आमच्या मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असे: कल्चर लॉग फेजचं होतं की ओव्हरनाइट? म्हणजे पेशी भराभर वाढत असताना घेतल्या होत्या, की रात्रभर वाढून, साखर संपवून शांत झालेल्या? हा प्रश्न सोडून पुढचं काही ऐकून घ्यायला त्या तयार नसत. सुरुवातीला मला तो निव्वळ शिस्तीचा भाग वाटे. मग एकदा एकाच स्ट्रेनच्या, म्हणजे एकाच वाणाच्या, दोन्ही तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. लॉग फेजमधल्या पेशींची ओळ लगेच विरलेली, शांत झालेल्या पेशींची ओळ जवळपास अखंड. जनुकांतलं एक अक्षरही वेगळं नव्हतं. कोणत्याही म्युटंटने जेवढा फरक पडताना मी पाहिला होता, त्याहून मोठा फरक केवळ पेशी वाढत होती की थांबली होती यावरून पडला होता. तेव्हापासून कुठल्याही संशोधनात ‘ताण सहन करणारं जनुक’ असे शब्द दिसले की मीही आधी पेशी कुठल्या अवस्थेत होत्या ते शोधते.

वाढ आणि टिकाव यांच्यात असा पेच का असावा? एक कारण सरळ आहे: रायबोसोम आणि संरक्षक प्रथिनं, दोन्हींसाठी लागणारा कच्चा माल एकच. पण नुसती काटकसर म्हणून हा विषय संपत नाही, कारण ही अदलाबदल जनुकांनी हाताळलेली आहे, आणि हाताळणारी जनुकं मोजकी आहेत. पीकेए एक. दुसरं टॉर. ईस्टर बेटावर १९६४ मध्ये गेलेल्या एका मोहिमेने आणलेल्या मातीतल्या जिवाणूत रॅपामायसिन सापडलं, आणि हे औषध पेशीत नेमकं कुठे काम करतं ते १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला यीस्टमध्येच कळलं: टॉर१ आणि टॉर२ ही जनुकं. पोषण आहे तोवर टॉर वाढीच्या बाजूने असतं. पीकेए आणि टॉर या दोन्हींचे निरोप जिथे एकत्र येतात तिथे रिम१५ नावाचं प्रथिन आहे. पोषण असताना ही दोघं त्याला दाबून ठेवतात. पोषण सरलं की रिम१५ केंद्रकात जातं, एमएसएन२ ला बळ देतं, आणि पेशीला दीर्घ विश्रांतीच्या अवस्थेत नेण्याची व्यवस्था लावतं.

रिम१५ चं महत्त्व एका अनपेक्षित जागी उघड झालं. जपानमध्ये साके बनवण्यासाठी निवडून निवडून वाढवलेलं यीस्ट फार जोमाने मद्य तयार करतं. वीस टक्क्यांच्या आसपास पोचतं. इतक्या मद्यात काम करणारं यीस्ट कणखर असणार असंच कुणालाही वाटेल. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उलटं निघालं. या यीस्टचं रिम१५ जनुक बिघडलेलं आहे. साखर कमी होत आली तरी त्याला थांबण्याची अवस्था नीट गाठता येत नाही, म्हणून ते मद्य करतच राहतं, आणि ताण सोसण्यात ते इतर यीस्टपेक्षा कच्चं आहे. साध्या प्रयोगशाळेतल्या यीस्टमधून रिम१५ काढलं तर तेही जास्त वेगाने आंबवू लागतं. माणसाने पिढ्यान् पिढ्या उत्पादनासाठी निवड केली आणि नकळत विश्रांतीचं जनुक मोडलेल्या पेशी निवडल्या. या गोष्टीने मला वाईट वाटतं, आणि एका पेशीबद्दल वाईट वाटण्यात मला काही वावगं वाटत नाही.

थांबण्यालाही मर्यादा लागतेच. बाहेर मीठ वाढलं की यीस्टमधून पाणी ओढलं जातं आणि हॉग१ हे प्रथिन काही मिनिटांत कामाला लागतं. ते पेशीत ग्लिसरॉल साठवायला लावतं, म्हणजे पाणी परत आत येतं. त्याच वेळी ते विभाजनही लांबवतं. २००४ मध्ये दाखवलं गेलं की विभाजनाला स्टार्टपाशी अडवणाऱ्या सिक१ या प्रथिनावर हॉग१ थेट खूण करतं आणि त्याला नष्ट होण्यापासून वाचवतं. ही खूण करण्याची जागाच बदलून टाकली तर खाऱ्या पाण्यात पेशी थांबत नाही आणि तिच्या जनुकसंचात गडबड होते. ताण सोसणं आणि विभाजन रोखणं ही दोन खाती एकाच हाताखाली आहेत याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही. पण काम झाल्यावर हॉग१ शांत व्हावं लागतं. मीठ मोजणारं एसएलएन१ हे जनुक काढून टाकलं तर हॉग१ ताण नसतानाही चालूच राहतं आणि पेशी मरते. त्याच पेशीतून हॉग१ काढलं तर ती जगते.

आता थोडं वेगळ्या बाजूने. एमएसएन२ आणि एमएसएन४ दोन्ही काढलेल्या पेशींना सौम्य ताण दिला तर त्या बहुतेक वेळा निभावून नेतात. मग जनुकांची एवढी उलथापालथ कशासाठी? २००८ मध्ये बेरी आणि गॅश यांनी याचं उत्तर दिलं. सौम्य ताणानंतर जी जनुकं जागी होतात ती समोर असलेल्या ताणासाठी फारशी लागत नाहीत. ती लागतात पुढच्या, अधिक कठोर ताणासाठी. ३७ अंशांवर थोडा वेळ राहिलेलं यीस्ट नंतर ५० अंशांचा चटका शेकडो पटींनी चांगला सोसतं, हे आधीपासून माहीत होतं. सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये दाखवलं होतं की त्यासाठी एचएसपी१०४ हे प्रथिन लागतं, जे गोळा झालेली प्रथिनं ओढून मोकळी करतं. शिवाय ही तयारी एका ताणापुरती नसते. मिठाचा अनुभव घेतलेलं यीस्ट हायड्रोजन पेरॉक्साइडलाही पुरून उरतं.

आणि ही तयारी मुलींपर्यंत, म्हणजे विभाजनातून झालेल्या नव्या पेशींपर्यंत, जाते. मीठ काढून घेतल्यावरही पेरॉक्साइड सोसण्याची ताकद चार-पाच पिढ्या टिकते असं २०१२ मध्ये दिसून आलं. त्यासाठी डीएनएत काही बदललेलं नसतं. सीटीटी१ हे पेरॉक्साइड मोडणारं प्रथिन दीर्घकाळ टिकणारं असतं. आईने ते बनवून ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक विभाजनात ते वाटलं जातं, विरळ होत होत. पणतीच्या वाट्याला पणजीच्या वाईट दिवसांतलं थोडंसं सीटीटी१ येतं. तिने स्वतः मीठ कधी पाहिलेलं नसतं.

तरी ताण कधी येणार हे पेशीला आधी कळत नाही. कधी कधी तो सौम्य सुरुवात न करता एकदम येतो. अशा वेळी काय? लेव्ही, झिव आणि सीगल यांनी २०१२ मध्ये एकाच पूर्वज पेशीपासून वाढवलेल्या, एकाच साखरेत राहणाऱ्या यीस्टच्या हजारो सूक्ष्म वसाहतींचा वेग मोजला. बहुतेक भराभर वाढत होत्या. काही थोड्या मात्र, कारण नसताना, हळू होत्या, आणि त्यांच्यात ट्रेहॅलोजशी संबंधित टीएसएल१ हे प्रथिन जास्त होतं. उष्णतेचा घाव घातला तेव्हा याच हळू पेशी जास्त वाचल्या. सगळं बियाणं पहिल्याच पावसावर पेरू नये, थोडं घरात राखावं, तसं हे आहे. फरक इतकाच की इथे राखणारा कुणी नाही. प्रत्येक पेशी आपापल्या जनुकांच्या चढउतारात कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडते आणि समूहाला राखीव साठा मिळतो.

हे वाचलं की हळू पेशींकडे बघण्याची नजर बदलते. वाढीचा आलेख काढताना आपण सरासरी काढतो आणि मागे राहिलेल्यांना सरासरीत विरघळवून टाकतो. मला वाटतं, आलेखात त्यांना वेगळं दाखवायला हवं. वैद्यकात तर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. केमोथेरपीची बरीच औषधं विभाजन करणाऱ्या पेशींवर घाव घालतात, आणि गाठीतल्या ज्या पेशी त्या वेळी थांबलेल्या किंवा संथ असतात त्या निसटू शकतात. माणसात हॉग१ ला पी३८ हा नातेवाईक आहे, टॉर आहे, रास आहे, सीडीसी२ ची भावंडं आहेत. थांबलेली पेशी कशावर तग धरून आहे हे आपल्याला यीस्टमध्ये एकेक जनुक काढून विचारता येतं; रुग्णाच्या शरीरात तसं विचारता येत नाही. म्हणून यीस्टवरच्या मूलभूत कामाला पैसा का द्यायचा असं कुणी विचारलं की मी तळमळून बोलते.

शेवटी एक प्रयोग सांगते, कारण थांबणं किती सक्रिय असतं हे त्याच्याइतकं कशानेच दिसत नाही. साखर संपून शांत झालेल्या यीस्टच्या पेशी घ्यायच्या आणि दोन नळ्यांत वाटायच्या. एका नळीत निव्वळ पाणी. दुसऱ्या नळीत पाणी आणि ग्लुकोज, बाकी काही नाही. नुसत्या पाण्यातल्या पेशी कित्येक दिवस, आठवडेसुद्धा जिवंत राहतात. ग्लुकोज मिळालेल्या पेशी त्यामानाने फार लवकर, काही तासांतच मरू लागतात. विष कुठेच नसतं. पाण्यातल्या पेशींना कसलाच निरोप आलेला नसतो, म्हणून त्या आपली राखण करत बसून राहतात. दुसऱ्या नळीतल्या पेशींना वाढायचा निरोप आलेला असतो, आणि वाढायला लागणारं नायट्रोजन, फॉस्फेट, यातलं काहीही त्यांना दिलेलं नसतं.